ओसीटीचा आकडा ३१८ वरून ३३६ झाला, म्हणजे सूज वाढली का?

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत, १६ वर्षांपासून मधुमेह आहे. दोन महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याच्या ओसीटीत, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनमध्ये, पडद्याच्या मध्यभागाची जाडी ३१८ मायक्रॉन आली होती. परवा दुसरीकडे केली तेव्हा ३३६ आली. पहिल्या रिपोर्टवर सिरस आणि दुसऱ्यावर स्पेक्ट्रॅलिस असं मशीनचं नाव आहे. चष्मा लावून नजर तेव्हाही ६/६ होती, आताही आहे. नव्या डॉक्टरांनी ‘तीव्र एनपीडीआर’, म्हणजे मधुमेहाने पडद्याला झालेल्या बिघाडाचा पुढचा टप्पा, असं लिहून एफएफए, म्हणजे डाय टोचून डोळ्याची अँजिओग्राफी करायला सांगितली आहे. बाबांचं क्रिएटिनिन १.९ आहे. मागे सीटी स्कॅनच्या वेळी किडनीच्या डॉक्टरांनी ‘डाय नको’ असं बजावलं होतं, त्यामुळे मी घाबरले आहे. सूज वाढली आहे का? सुई न टोचता होणाऱ्या ओसीटी अँजिओग्राफीवर भागणार नाही का? आणि तपासणीला नेताना काय काळजी घ्यायची?

उत्तर : आधी आकड्यांचं बघू, कारण तुमची झोप त्यांनीच उडवलेली दिसते. ३३६ मधून ३१८ वजा करून ‘१८ मायक्रॉन सूज वाढली’ असं म्हणता येत नाही. ही दोन वेगळ्या मशीनची मापं आहेत आणि ही मशीन जाडी एकाच ठिकाणापासून एकाच ठिकाणापर्यंत मोजत नाहीत.

ओसीटीत डोळ्यात इन्फ्रारेड प्रकाश सोडतात. पडद्याच्या थरांवरून तो परत येतो, आणि कुठून किती प्रकाश परत आला यावरून पडद्याचा उभा छेद तयार होतो. बारकावा ५ ते ७ मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे चित्र भरवशाचं असतं. आकडा मात्र त्यानंतर येतो. सॉफ्टवेअर त्या चित्रावर दोन रेघा मारतं, एक पडद्याच्या आतल्या पृष्ठभागावर आणि एक बाहेरच्या बाजूला, आणि त्यांच्यातलं अंतर ‘जाडी’ म्हणून छापतं. आतली रेघ सगळ्या मशीनमध्ये एकाच जागी असते. फरक पडतो तो बाहेरच्या रेघेत. सिरस ती आरपीई नावाच्या पेशींच्या थरावर ठेवतं, स्पेक्ट्रॅलिस त्याच्याही खाली, ब्रुक मेम्ब्रेनवर. जुन्या स्ट्रॅटस मशीनची रेघ बरीच वर, प्रकाशग्राही पेशींच्या थरातच असायची, त्यामुळे तिचे आकडे ६०-७० मायक्रॉनने कमी येत. भिंतीची जाडी एकाने गिलावा सोडून मोजली आणि दुसऱ्याने गिलाव्यासकट, तर भिंत तीच राहते, माप बदलतं.

म्हणूनच ‘मध्यभागी सूज आहे’ असं म्हणण्याची सीमाही मशीनप्रमाणे वेगळी धरतात. मधुमेही रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांमध्ये सिरसवर ही सीमा पुरुषांसाठी ३०५ आणि स्त्रियांसाठी २९० मायक्रॉन, तर स्पेक्ट्रॅलिसवर पुरुषांसाठी ३२० आणि स्त्रियांसाठी ३०५ धरली आहे. आता बाबांचे आकडे त्यावर ठेवून बघा. सिरसवर ३१८ म्हणजे सीमेच्या १३ वर, स्पेक्ट्रॅलिसवर ३३६ म्हणजे सीमेच्या १६ वर. उरलेला ३ मायक्रॉनचा फरक मोजणीच्या चुकीत सहज जातो. मध्यभागी थोडी सूज आहे, तेव्हाही होती, आणि या दोन आकड्यांवरून ती वाढलेली दिसत नाही. एकाच मशीनवर जाडी १० टक्क्यांच्या आसपास बदलली तर तो बदल खरा धरून विचार करतात, त्याआधी नाही.

यापुढे शक्यतो एकाच मशीनवर तपासणी करा, आणि जमलं तर दिवसाच्या साधारण त्याच वेळी. मधुमेहामुळे आलेली सूज सकाळी थोडी जास्त असते आणि दिवस चढेल तशी काहींमध्ये उतरते. आधीची तपासणी त्याच मशीनमध्ये साठवलेली असेल तर तंत्रज्ञांना ‘फॉलो-अप मोड’मध्ये स्कॅन घ्यायला सांगा. त्यात मशीन जुन्या स्कॅनमधल्या रक्तवाहिन्या ओळखून नेमक्या त्याच जागेचा छेद घेतं.

आकड्यावर विसंबण्याआधी तो ज्या चित्रातून आला ते चित्र चांगलं आहे का, हे बघायला हवं. हे तुम्हालाही करता येईल. सिरसच्या रिपोर्टवर सिग्नल स्ट्रेंग्थ दहापैकी दिलेली असते. ती ६ पेक्षा कमी असेल तर आकडे बाजूला ठेवा. कमी येण्याची नेहमीची कारणं म्हणजे मोतीबिंदू, कोरडा डोळा, लहान राहिलेली बाहुली. डोळा कोरडा असेल तर स्कॅनच्या आधी कृत्रिम अश्रूंचा एक थेंब टाकून दोन-चार वेळा पापण्या मिटल्या की चित्र बरंच सुधारतं. मलम मात्र त्या दिवशी सकाळी घालू नका, त्याचा पातळ थर प्रकाश अडवतो.

मग छेदाच्या चित्रात सॉफ्टवेअरने मारलेल्या दोन रेघा शोधा. त्या पडद्याच्या कडांना चिकटून चालल्या पाहिजेत. सूज असलेल्या पडद्यात, विशेषतः वर पातळ पापुद्रा धरला असेल तर, रेघ मध्येच उडी मारून भलत्याच थरावर जाते आणि ४० मायक्रॉनची सूज ‘दिसते’ किंवा असलेली सूज गायब होते. तिसरं म्हणजे केंद्र. रिपोर्टवर वर्तुळांची जाळी असते, १, ३ आणि ६ मिलिमीटर व्यासाची, आणि तुम्ही सांगितलेला आकडा हा सगळ्यात आतल्या १ मिलिमीटर वर्तुळाची सरासरी आहे. हे वर्तुळ पडद्याच्या मधल्या नैसर्गिक खळग्यावर बसलेलं हवं. रुग्णाने नजर थोडी जरी हलवली तरी ते बाजूच्या जाड भागावर सरकतं आणि निरोगी डोळ्यातही आकडा फुगतो. डोळा मिचकावला असेल तर रंगीत नकाशावर आडवा काळा पट्टा दिसतो.

त्या छेदात काळे पोकळ फुगे दिसले तर ते साचलेलं पाणी. पांढरे ठळक ठिपके आणि त्यांच्याखाली सावली दिसली तर बहुधा गळलेली चरबी, जिला डॉक्टर एक्झुडेट म्हणतात. ही चित्रं बघून बरेच जण हबकतात. त्यामागे एक साधं कारण असतं. छापील छेद बहुतेक वेळा उभ्या दिशेने ताणलेला असतो, त्यामुळे छोटासा फुगवटा डोंगरासारखा दिसतो. रंगीत नकाशातला लाल रंगही ‘धोका’ असं सांगत नाही. जाडीच्या नकाशात तो फक्त जास्त जाडी दाखवतो. निरोगी लोकांशी तुलना करणारा जो वेगळा रंगीत तक्ता असतो तो मोठा मायनस नंबर असणाऱ्यांना फारसा लागू पडत नाही, कारण तसे लांब डोळे त्या तुलनेच्या माहितीत बहुधा धरलेले नसतात.

नजर ६/६ आहे, याला जाडीच्या आकड्याइतकंच वजन आहे. जाडी आणि नजर यांचं नातं सैल असतं. ३४० वर उत्तम दिसणारे असतात आणि २७० वर अंधुक दिसणारेही. २०१९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ७०२ रुग्णांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मध्यभागी सूज आहे पण नजर साधारण ६/७.५ किंवा त्याहून चांगली आहे, अशा रुग्णांना लगेच डोळ्यात इंजेक्शन सुरू केलं किंवा नीट लक्ष ठेवून नजर घसरली तरच दिलं, दोन्हींत दोन वर्षांनी नजर गमावण्याचं प्रमाण सारखंच निघालं. त्यामुळे डॉक्टरांनी ‘सध्या बघू या’ म्हटलं तर तो हलगर्जीपणा समजू नका. अट एवढीच, की ठरलेल्या तारखा चुकवायच्या नाहीत.

क्रिएटिनिन १.९ आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून विचारा : डाव्या डोळ्यातही सूज आहे का, आणि पायांवर, चेहऱ्यावर सूज असते का? किडनी पाणी बाहेर टाकू शकत नसेल तर दोन्ही डोळ्यांच्या पडद्यात सूज येऊ शकते आणि ती किडनीच्या औषधांनी अंगातलं जास्तीचं पाणी कमी झालं की उतरते. रक्तदाब आणि हिमोग्लोबिनही याच वेळी बघायला हवं. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर तेही डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, कारण त्याने अंगात पाणी धरतं.

आता एफएफए. किडनीच्या डॉक्टरांचा सल्ला सीटीसाठी बरोबरच होता, पण तो या डायला लागू होत नाही. सीटीच्या डायमध्ये आयोडीन असतं आणि तो ५० ते १०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त टोचतात. एफएफएमध्ये वापरतात ते सोडियम फ्लुरोसीन. त्यात आयोडीन नसतं आणि एकूण मात्रा साधारण ५०० मिलिग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांच्या द्रावणाचे ५ मिलिलिटर किंवा २० टक्क्यांचे अडीच. ते मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणून किडनी मंद असेल तर अंगात जास्त वेळ रेंगाळतं आणि त्वचेचा पिवळेपणा टिकतो. पण त्याने किडनी आणखी बिघडते असं अभ्यासांत ठळकपणे दिसलेलं नाही. डायलिसिसवरच्या रुग्णांचीही ही तपासणी होते, काही डॉक्टर तेव्हा मात्रा कमी करतात. तरी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या आणि किडनीच्या डॉक्टरांना फोन करून ‘फ्लुरोसीन’ हे नाव सांगा. नुसतं ‘डाय’ म्हटलं की त्यांच्या डोक्यात सीटीचाच डाय येणार. सीटीच्या डायआधी मेटफॉर्मिन थांबवायला सांगतात, तो नियमही इथे नाही. बाबांची कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. डोळ्यांच्याच तपासणीत आयसीजी नावाचा दुसरा एक डाय वापरतात, त्यात थोडं आयोडीन असतं आणि तो यकृतावाटे जातो. तुमच्या चिठ्ठीत तो नाही.

खरी जोखीम ॲलर्जीची आहे. डाय शिरेत गेल्यावर अर्ध्या-एक मिनिटात काहींना मळमळतं, एखाद्याला उलटी होते. ते एक-दोन मिनिटांत जातं आणि ती ॲलर्जी नव्हे. काही मिनिटांनी खाज किंवा अंगावर गांधी उठल्या तर ती ॲलर्जी, औषध द्यावं लागतं. श्वास अडकणं, रक्तदाब कोसळणं अशी तीव्र प्रतिक्रिया फार क्वचित येते. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत सव्वादोन लाखांच्या आसपास तपासण्यांमागे एक मृत्यू नोंदला गेला होता. म्हणून जिथे तपासणी होणार तिथे ॲड्रेनॅलिन, ऑक्सिजन आणि ते वापरता येणारा माणूस त्या खोलीत आहे ना, हे आधी विचारा. हा प्रश्न विचारायला संकोच वाटू देऊ नका. त्वचेवर टोचून आधी केलेली ‘टेस्ट डोस’ निर्दोष आली तरी त्याने पूर्ण हमी मिळत नाही. पूर्वी याच डायने त्रास झाला असेल, दमा असेल, अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, तर सुई टोचण्याआधी सांगा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे अटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर तीही सांगा, कारण गंभीर ॲलर्जी आलीच तर या गोळीमुळे ॲड्रेनॅलिनचा परिणाम कमी पडू शकतो.

डॉक्टरांनी हे का मागितलं असेल? ‘तीव्र एनपीडीआर’ याचा अर्थ पडद्यावर अजून नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या नाहीत, पण त्या उंबरठ्यावर आहेत. ठरवण्याची रीत अशी : पडद्याच्या चारही भागांत प्रत्येकी वीसहून अधिक रक्तस्राव, किंवा निदान दोन भागांत मण्यांसारख्या फुगलेल्या शिरा, किंवा निदान एका भागात इर्मा, म्हणजे पडद्याच्या आतच वेड्यावाकड्या पसरलेल्या बारीक वाहिन्या. यातलं एक असलं तरी पुरे. अडचण अशी, की इर्मा आणि खऱ्या नव्या वाहिन्या नुसत्या डोळ्यांना कधीकधी सारख्याच दिसतात. डाय टोचल्यावर दोघींची वागणूक वेगळी पडते. नव्या वाहिन्या भरभरून गळतात आणि उशिराच्या फोटोंत त्यांच्याभोवती पांढरा ढग पसरतो. इर्मा फारशी गळत नाही. नव्या वाहिन्या निघाल्या तर लेझर किंवा इंजेक्शन लवकर लागेल, नाही निघाल्या तर लक्ष ठेवणं चालेल. शिवाय जिथे रक्तपुरवठाच बंद पडला आहे ते भाग काळे उठून दिसतात, आणि लेझर कुठे मारायचा हे त्यावरून ठरतं.

ओसीटी अँजिओग्राफीत यातलं निम्मं काम होतं. तिच्यात एकाच जागेचे छेद लागोपाठ घेतात आणि दोन छेदांमध्ये जे हललं, म्हणजे वाहणारं रक्त, तेवढंच उचलून रक्तवाहिन्यांचं जाळं उभं करतात. मध्यभागी रक्तपुरवठा कुठे तुटला आहे, हे ती डायपेक्षाही बारकाईने, थराथराने दाखवते. पण गळती तिला दिसतच नाही, कारण गळलेलं पाणी वाहत नसतं. जिथे रक्त फार हळू चालतं असे रक्तवाहिन्यांवरचे लहान फुगे तिच्यातून निसटतात. नेहमीचा स्कॅन ३ किंवा ६ मिलिमीटरच्या चौकोनाचा, फार तर १२ चा असतो. बाबांच्या बाबतीत शंका कडेच्या भागाची असेल तर तिथपर्यंत साधा स्कॅन पोहोचत नाही. आणि रुग्णाने काही सेकंद नजर एका ठिपक्यावर रोखून धरावी लागते, नाही तर जाळं मध्येच तुटून सरकलेलं येतं.

म्हणून डॉक्टरांना थेट विचारा : ‘एफएफएमधून तुम्हाला नेमकं काय बघायचं आहे?’ उत्तर ‘मध्यभागातली सूज’ एवढंच असेल तर ती ओसीटीत दिसतेच आहे, आणि नजर ६/६ असताना त्यासाठी डाय टोचण्याची घाई नाही. उत्तर ‘नव्या वाहिन्या आहेत का याची शंका’ किंवा ‘कडेचा रक्तपुरवठा’ असेल तर एफएफए करून घ्या, आणि २०० अंशांपर्यंत पडदा टिपणारा वाइड-फील्ड कॅमेरा उपलब्ध असेल तर त्यावरच करा. नेहमीचा कॅमेरा एका वेळी ३० ते ५० अंशच टिपतो, कडेचे फोटो डोळा फिरवून एकेक घ्यावे लागतात आणि त्यात काही भाग राहून जाऊ शकतो.

त्या दिवसाची तयारी. उपाशी नेऊ नका. मधुमेही माणूस इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशी राहिला की साखर उतरते आणि घाम, चक्कर आली की ती डायमुळे आली की साखरेमुळे हे कळत नाही. दोन-तीन तास आधी हलकं खाऊ द्या, रक्तदाबाची गोळी नेहमीप्रमाणे. पाणी मात्र किडनीच्या डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल तेवढंच. ‘डाय धुऊन काढायला भरपूर प्या’ हा सरसकट सल्ला बाबांना लागू नाही. रक्त-लघवीच्या तपासण्या करायच्या असतील तर एफएफएच्या आधी उरकून घ्या, नाही तर दोन-तीन दिवस थांबा. डायच्या रंगामुळे प्रयोगशाळेतली काही मापं चुकतात, क्रिएटिनिनसुद्धा.

बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर २० ते ३० मिनिटं लागतात, मधुमेहात बाहुली हट्टी असते म्हणून कधी जास्त. पुढचे चार ते सहा तास जवळचं धूसर दिसेल आणि उजेड खुपेल. गडद चष्मा न्या, गाडी बाबांना चालवू देऊ नका. डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोन अरुंद आहे असं पूर्वी कुणी सांगितलं असेल तर थेंबांआधी तेही सांगा. घरी आल्यावर डोळा लाल होऊन जोरात दुखला, दिव्यांभोवती वलयं दिसली, उलट्या झाल्या तर रात्र न काढता परत जा. ते डोळ्यातला दाब अचानक चढल्याचं लक्षण असू शकतं.

सुई कुठे टोचायची हे बाबांच्या बाबतीत महत्त्वाचं आहे. पुढे डायलिसिसची वेळ येऊ शकते अशा माणसाच्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरा राखून ठेवायच्या असतात, त्यातही कमी वापरातल्या हाताच्या. म्हणून शक्यतो तळहाताच्या मागच्या शिरेतून द्यायला सांगा. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडण्याचं ऑपरेशन, केलेला असेल तर त्या हाताला सुई टोचू देऊ नका, रक्तदाबही त्या हाताला मोजू देऊ नका. डायआधी सलाइन सोडून शीर मोकळी असल्याची खात्री करून घेतात. टोचताना हाताला आग झाली तर बाबांनी लगेच ‘थांबा’ म्हणावं. डाय शिरेबाहेर गेला तर फार चुरचुरतं, त्यावर थंड शेक देतात.

डाय हातातून डोळ्यात पोहोचायला १० ते १५ सेकंद लागतात. त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात निळसर फ्लॅश भराभर पडतात आणि तेवढा वेळ डोकं कपाळपट्टीला टेकलेलं राहायला हवं, कारण सुरुवातीचे फोटो हुकले तर ते परत घेता येत नाहीत. उशिराचे फोटो १० मिनिटांपर्यंत घेतात. नंतर काही मिनिटं सगळं गुलाबी किंवा काळपट दिसतं, त्याने पडद्याला इजा होत नाही. त्वचा काही तास पिवळी राहील, लघवी एक-दीड दिवस गर्द पिवळी-केशरी होईल. बाबांच्या किडनीमुळे दोन्हींना थोडा जास्त वेळ लागू शकतो. तपासणीनंतर अर्धा तास तिथेच बसा.

निघताना छापील कागदावर समाधान मानू नका. ओसीटीचे सगळे छेद आणि एफएफएचे सगळे फोटो पेन ड्राइव्हवर मागून घ्या, कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवून दुसरं मत नीट मिळत नाही. ओडी म्हणजे उजवा डोळा आणि ओएस म्हणजे डावा, हे जुन्या-नव्या रिपोर्टवर ताडून बघा. आणि तपासणीची तारीख येण्याआधीच बाबांना एका डोळ्यासमोर अचानक काळे धागे, काजळीचा पाऊस किंवा पडदा ओढल्यासारखं वाटलं, किंवा नजर एकदम उतरली, तर एफएफएची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. आत रक्त सांडून पडदा दिसेनासा झाला असेल तर तिथे डायही उपयोगी पडत नाही. मिटलेल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफी करतात आणि पडदा जागेवर आहे ना, ते त्यातून कळतं.